सहाशे-सोळा आणि आमचा सुखदेव

चार जुने वर्कशॉपवाले एकत्र बसले की चहा संपतो, पण किस्से काही संपत नाहीत. एकाने पान्ह्याचं नाव काढलं की दुसऱ्याला जॅक आठवतो, आणि घरातून जेवायच्या हाका येतात तरी कोणी उठायला तयार नाही! त्यात मी अमरावतीच्या सरकारी वर्कशॉपचा स्टोअरकीपर. माझ्याकडचा साठा अंमळ जास्तच.

पन्नास-साठच्या दशकांतली गोष्ट. लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा आमच्या खात्याने घेतल्या होत्या. बांधबंदिस्तीच्या कामावर त्या शेतांच्या धुऱ्याबंधाऱ्यांवरून, नाल्यांतून फिरायच्या आणि टायर फाडून आमच्याकडे यायच्या. टायर बसवणारा एकच माणूस, सुखदेव वानखडे. शाळा चौथीपर्यंत, हात मजबूत, तोंड त्याहून मजबूत. आठ वर्षं झाली, तरी टेम्पररी!

अशात पुण्याकडचे नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "टायर काय, कोणीही बसवतो. त्यासाठी वेगळा माणूस कशाला? ही जागा मी बंद करणार!"

सुखदेवच्या घरी तीन पोरं आणि म्हातारी आई. मला त्याची काळजी लागली. हा बुवा मात्र हात पुसत म्हणतो, "करू दे ना बंद. आधी सायेबाले टायर तं वाचता येऊ दे!"

*

टायर वाचणं म्हणजे काय, ते मला विचारा. पहिली फजिती माझीच.

आमच्याकडे एक मोठी लष्करी गाडी होती. तिला साडेसातचे टायर लागायचे. मी ऐटीत मागणी लिहिली, 'साडेसातचे चार'. आले! सुखदेवने रिम आडवी ठेवली आणि वरून टायर सोडला. टायर रिमला न शिवता थेट जमिनीवर! चहूबाजूंनी बोटबोट जागा मोकळी.

"बाबू, हा टायर होय का करदोडा?"

सगळं वर्कशॉप हसलं. मग त्यानेच मला समजावलं. "टायरवर दोन आकडे रायते. पयला टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही इंचात. जीपवर सहा पॉइंट शून्य-शून्य अन् सोळा लिवलं रायते, म्हणून आपुन सहाशे-सोळा म्हणतो. तुमी साडेसात पायलं, पण रिम हाये सोळाची अन् तुमी आणला वीसचा ट्रकवाला. जोडे घेताना पाय नाही पाहत काय?"

तेव्हापासून मी आधी रिम पाहायचो, मग पेन उघडायचो.

*

वरूडचे एक भाऊसाहेब होते, संत्र्याच्या बागा असलेले. त्यांनी हौसेने स्वतःची जीप घेतली आणि ऐट म्हणून मागे जाडजूड मोठे टायर चढवले. पुढचे तेच राहिले. झालं! बागेतून बाहेर पडून, चारही चाकांना एकदम फिरवणारा गिअर तसाच ठेवून डांबरी रस्त्यावर आले की गाडी कण्हायची, अडायची. दोन मिस्त्र्यांनी दोनदा गिअरबॉक्स खोलला. दोष काही सापडेना. शेवटी ओळखीने आमच्याकडे आले.

सुखदेवने गिअरबॉक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. चारही चाकांवर खडूने खूण केली आणि जीप ढकलायला लावली. पुढच्या चाकाचा फेरा पुरा झाला, तरी मागचं अजून अर्धवटच.

"भाऊसाहेब, गिअर एकदम चांगला हाये. पुढचे पाय पोराचे, मागचे बापाचे, अन् तुमी दोघाईले एका दोरीत बांधून पळवून राह्यले! कण्हणार नाही तं काय करन?"

मागचेही सहाशे-सोळा बसवले, आणि जीप गुमान चालायला लागली. भाऊसाहेबांनी खूश होऊन संत्र्यांची अख्खी पेटी पाठवली. आम्ही सगळ्यांनी हाणली. साहेबांनीही चार खाल्ली, पण जागेबद्दल चकार शब्द नाही!

*

आमचा रशीद ड्रायव्हर भलता प्रामाणिक माणूस. एकदा घाबराघुबरा स्टोअरमध्ये आला. "बाबू, गजब झाला! अमरावतीहून अकोला जवळ आलं!" जीपचा मीटर नेहमीपेक्षा कमी मैल दाखवत होता. लॉगबुकात काय लिहू, म्हणून बिचारा रडकुंडीला आलेला.

सुखदेव तिकडूनच ओरडला, "अकोला जागच्या जागी हाये रे बावा! काल तुले चारी टायर मोठे देल्ले मी. मीटर चाकाचे फेरे मोजते. मोठ्या चाकाले फेरे कमी लागले, म्हणून मैल कमी!"

*

पावसाळ्यात साहेबांनी स्वतःच्या जीपला सगळ्यात रुंद टायर लावायचा हुकूम दिला. रुंद टायर चिखलात रुतत नाही, असं त्यांचं गणित. सुखदेव म्हणाला, "सायेब, आपल्या काळ्या मातीत बारीकच बरा." साहेबांनी डोळे वटारले.

बार्शीटाकळीच्या पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेत, साहेबांची जीप शंभर पावलं गेली आणि बसली. रुंद टायरांच्या खाचांत चिखल भरून ते पार गुळगुळीत झालेले. मागून सुखदेव, रशीद आणि मी जुन्या जीपमध्ये. बारीक टायर चिखल कापत खालच्या मुरुमाला लागले आणि जीप भरकन पुढे! तिथून दोर टाकून साहेबांना ओढून काढलं.

"माही जीप चिखल कापून राह्यली सायेब, तुमची खाऊन राह्यली!"

मी कपाळाला हात लावला. अरे, ज्याच्या हातात तुझी नोकरी, त्यालाच हे ऐकवतोस? दुसऱ्याच दिवशी साहेबांनी जागा बंद करण्याचा कागद टाइप करून घेतला.

*

आता त्या कागदाचं काय झालं, ते ऐका.

नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले. कागद शेडमधल्याच टेबलावर, त्यांची सही तेवढी बाकी. मोठ्या साहेबांनी विचारलं, "टायर बदलायला खरंच वेगळा माणूस लागत नाही?"

"मुळीच नाही. मीच दाखवतो!" म्हणत आमच्या साहेबांनी बाह्या सरसावल्या. जीपचं काढलेलं चाक शेडमध्ये आडवं पडलं होतं, हवेने टम्म भरलेलं. लष्करी जीपची रिम म्हणजे नटांनी एकमेकींना आवळलेल्या दोन लोखंडी ताटल्या. साहेबांनी वाकून पाना लावला. एक नट निघाला. दुसरा फिरला.

सुखदेव पलीकडून धावत आला आणि खांद्याने साहेबांना असा धक्का दिला, की साहेब मोठ्या साहेबांसमोर धुळीत आडवे!

"वानखडे! आत्ताच्या आत्ता चालता हो!" आमचे साहेब धुळीतूनच ओरडले.

सुखदेवने खाली बसून व्हॉल्व्हची पिन काढली. हवा सुटली, ती सुटतच राहिली. धूळ उडाली. हवा पार संपली. मग त्याने उरलेले नट काढले आणि वरची ताटली दोन बोटांनी उचलली.

"हवा भरली असताना नट काढले, तं हे ताटली सुटते, सायेब."

मोठ्या साहेबांनी विचारलं, "सुटून जाते कुठे?"

सुखदेवने वर बोट दाखवलं. शेडच्या पत्र्याला परातीएवढं भोक होतं. त्यातून ऊन येत होतं.

"माह्या उस्तादाच्या वक्ताचं हाये ते. तवापासून उस्ताद डाव्या हातानं जेवते."

आमच्या साहेबांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग त्याच हाताने माझ्या खिशातलं पेन घेतलं, कागदावरचं 'बंद' खोडलं आणि वर लिहिलं, 'कायम'.