मेहकरच्या सुरातली गिटार

ऑर्केस्ट्रावाल्यांनी तोंडावर सांगितलं, रविवारी स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घेऊन ये, नाहीतर तुझ्या जागी दुसरा बसेल. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी जालन्याचा, खिसा कायम फाटका. मुंबईची गिटार कुठून आणणार? पण मेहकरला भीमराव मिस्त्री हातानं गिटार बनवतात असं कळल्यावर मी आधीच गिटार बनवायचा निरोप धाडून ठेवला होता. तयार झाल्याचं कळलं आणि एसटी पकडली.

देऊळगाव राजाला गाडी बदलली. स्टँडवरची गरम भजी खाऊन घ्यावी, कारण पुढचा रस्ता हाडं खिळखिळी करायचा. आता बरा आहे म्हणे.

मिस्त्रींचा कारखाना म्हणजे घराची पडवी. गिटारचं अंग जुन्या सागवानी चौकटीतून कापलेलं, लोहचुंबक फुटक्या स्पीकरचं, आणि त्यावरची केसासारखी तांब्याची तार त्यांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, शिलाई मशीनचं चाक फिरवून गुंडाळलेली. मिस्त्रींनी वायर रेडिओच्या मागं खोचली, तार छेडली, अन् गल्ली दणाणली. मला तर नाचावंसं वाटलं!

मग मी खिशातला माउथ ऑर्गन काढून सूर ताडून पाहिला. गिटारचा गांधार, म्हणजे सरगमातला ग, चढा लागत होता. दांड्यावरचे पितळी पडदे मिस्त्रींनी गावच्या बुद्धविहारातल्या गायन पार्टीच्या पेटीशी सूर मिळवत एकेक ठोकले होते, आणि त्या पेटीचाच गांधार चढा होता. ही अशीच घेऊन गेलो असतो तर जागा गेलीच समजा.

मिस्त्री मानायला तयार नाहीत. म्हणाले, "पेटी खोटं नाही बोलत भाऊ. तुमचा बाजाच बिघडेल हाये."

भाकरी थापता थापता वत्सलाबाई म्हणाल्या, "त्याइले जालन्यात वाजवाचं हाये, आपल्या पेटीसंगं नाही. काऊन अडून बसता?"

मिस्त्रींनी पक्कड घेतली, पडदा उपटला, जुनी खाच लाकडाचा भुसा अन् सरसानं बुजवली आणि माझ्या सुरावर नवा बसवला. मी ठेचा-भाकरीवर आडवा हात मारला.

संध्याकाळी विहारात पार्टी जमली, मलाही बसवलं. सगळे त्याच चढ्या गांधारावर गात होते, आणि काय गोड गात होते! माझाच सूर वेगळा पडायला लागला. मग मी तार बोटानं जरा ओढली आणि त्यांच्यात जाऊन मिसळलो. मिस्त्री हसले.

रविवारी जागा मिळाली, पुढं कित्येक वर्षं टिकली. पण घरी एकटा वाजवत बसलो की गांधारावर बोट आपोआप तार ओढतं. बायको आतून ओरडते, बेसूर झालं. मी तिला सांगतो, मेहकरात जाऊन म्हण.