न झालेले पंच

दिघ्यांकडे कुणाची तक्रार घेऊन गेलात, तर ते ती पुरती ऐकून घेत आणि मग म्हणत, "बरं. आता हेच त्याच्या तोंडून सांगा." त्याच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्या. माणूस आधी उखडायचा. दिघे शांतपणे वाट बघत बसायचे. मग तो नाइलाजाने सुरू करायचा, "तो म्हणेल की..." की दिघ्यांचं बोट वर. "तो म्हणेल नाय. 'मी' म्हणा." चार-पाच वाक्यांत बहुतेकांचा आवाज खाली यायचा. काही जण तिथूनच समोरच्याला फोन लावायचे.

सुधाकर दिघे मूळचे चिपळूणचे. जेद्दाच्या एका सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचे आणि शहराच्या अल अझीझिया वस्तीत आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. मी एका बँकेत, नियमपालनाच्या खात्यात. मी एलएलबी आहे, हे इथेच सांगून टाकतो, कारण या सगळ्या प्रकरणात ते फार महत्त्वाचं आहे असं मला वाटत होतं. आमच्या मराठी मंडळाची घटना मी लिहिली. तंटे सोडवायला आणि निवडणुकीच्या हरकतींवर निर्णय द्यायला एक पंच असावा, हे कलम माझं. पंचाला समितीच्या अकरांपैकी आठ जणांची संमती हवी, ही अटही माझीच. आणि लोक निवाड्याला जायचे ते दिवसभर माणसांना श्वास रोखायला सांगणाऱ्या या गृहस्थाकडे. माझा जळफळाट व्हायचा.

एकदा माझं नि मंजिरीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मुलाच्या शिक्षणावरून जुंपलं. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "दिघेभाऊजींना विचारू या." घरात कायद्याचा पदवीधर बसलेला असताना! दिघे आले, पोहे खाल्ले, आणि मला म्हणाले, "वकीलसाहेब, मंजिरीवहिनींच्या तोंडून सांगा." मी सांगितलं. सांगता सांगता तिचं बरोबर आहे हे मलाच दिसायला लागलं. मंजिरी चार दिवसांनी हसली. तिला हसवलं दिघ्यांनी, हे मी अजून विसरलेलो नाही.

मंडळात दोन गट होते. जेद्दा गट आणि राबिघ गट. दीड तासावरच्या राबिघच्या रिफायनरीतल्या लोकांचं म्हणणं, सगळे कार्यक्रम जेद्दाला, आम्ही काय दर वेळी पोरंबाळं गाडीत घालून यायचं? जेद्दावाल्यांचं म्हणणं, हॉल इथे, माणसं इथे, मग कार्यक्रम काय समुद्रात करायचे? दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि दोन्ही बाजूंची तोंडं सारखीच वाजायची.

निवडणूक सहा आठवड्यांवर असताना आमचे पंच, एक म्हातारे डॉक्टर, कायमचे नाशिकला परतले. त्याच सुमाराला राबिघला बरीच नवी मराठी कुटुंबं आली होती आणि त्यांनी शेवटच्या महिन्यात सभासदत्व घेतलं होतं. त्यांना मत आहे की नाही, हे पंच ठरवणार. म्हणजे पंच ज्याचा, निवडणूक त्याची, असा सगळ्यांचा हिशेब. अध्यक्ष परुळेकर जेद्दा गटाचे. त्यांनी ताबडतोब दिघ्यांचं नाव पुढे केलं.

राबिघवाले खवळले. त्यांचे पुढारी वाघमारे म्हणाले, "निवडणूक तोंडावर आलीय. नव्या समितीला ठरवू द्या." परुळेकर म्हणाले, "पंचाचं पद रिकामं ठेवता येत नाही." गंमत अशी, की दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांना नेमलं तेव्हा अध्यक्ष वाघमारे होते आणि निवडणूक तीन आठवड्यांवर होती. तेव्हा पद रिकामं ठेवता येत नाही असं वाघमारे ओरडत होते, आणि नव्या समितीला ठरवू द्या म्हणून परुळेकरांनी सभात्याग केला होता. हे सगळं इतिवृत्ताच्या वहीत होतं. मी चिटणीस, वही माझ्याकडे.

माझं नाव कुणीच घेतलं नाही. एकानेही नाही. चांगल्या पंचाच्या अंगी काय हवं, यावर परुळेकर माझ्यासमोर दहा मिनिटं बोलले, आणि मी मान डोलवत ते लिहून घेतलं.

संमतीची सभा एका शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, शहराबाहेरच्या एका इस्तिराह्यात ठरली. इस्तिराहा म्हणजे दिवसभरासाठी भाड्याने मिळणारं विसाव्याचं घर. एक हॉल, थोडं अंगण, मुलांना डुंबायला हौद. बायका अंगणात, कब्सा, म्हणजे मटणाचा भात, यायचा होता, आणि आम्ही अकरा जण गाद्यांवर लोडांना टेकून. समोर दिघे, मांडी घालून, लग्नाचा शर्ट घालून. मला तो शर्ट बघूनच राग आला. म्हणजे या माणसालाही पंच व्हायचं होतं तर.

वही मी मुद्दाम गाडीत ठेवली होती. मागच्या वेळी निवडणुकीआधीच पंच नेमला होता, हे त्या एका पानावरून सिद्ध झालं असतं आणि वाघमाऱ्यांची बोलतीच बंद झाली असती. कुणीतरी म्हणालंही, "मागच्या वेळी काय झालं होतं हो?" मी म्हणालो, "बघावं लागेल."

वाघमाऱ्यांनी दिघ्यांना दोन-चार सरळ प्रश्न विचारले. खोचक प्रश्न विचारला मी. "दिघे, परुळेकरवहिनी तुमच्या इराला वर्षभर गणित शिकवत होत्या. एक पैसा न घेता. खरं की नाही?"

परुळेकर लाल झाले.

"खरं," दिघे म्हणाले. "आता यावर माझं उत्तर तुम्हीच द्या ना, वकीलसाहेब. माझ्या तोंडून. मला नाय तुमच्यासारखं नीट बोलता येत."

ते टोमणा मारत नव्हते. खरोखर मदत मागत होते. आणि मला उत्तर येत होतं. वाघमाऱ्यांच्या वडिलांचे एक्स-रे याच दिघ्यांनी सुटीच्या दिवशी येऊन काढून दिले होते. ज्याचं दोन्ही घरांशी देणंघेणं आहे तो कुणा एकाचा कसा होईल? असं सुरेख उत्तर तयार होतं माझ्याकडे.

"मी इथे प्रश्न विचारायला बसलोय," मी म्हणालो.

"बरं," दिघे म्हणाले. "मग उत्तर इतकंच. शिकवलं त्यांनी. पोरगी पास झाली."

हात वर झाले. सात. राबिघचे तीन विरोधात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जेद्दाचा, म्हणजे आठवा हात माझाच. मी खाकरलो आणि तत्त्व, लोकशाही, मतदाराचा कौल असे शब्द वापरून विरोधात मत दिलं. वाघमारेसुद्धा दचकले. दिघे उठले, म्हणाले, "चला, कब्सा आला वाटतं," आणि परात धरायला बाहेर गेले. परतीच्या वाटेवर मंजिरी मुलाला घेऊन मागच्या सीटवर बसली.

पंचच नाही म्हटल्यावर हरकतींवर नुसता आरडाओरडा झाला. नव्या कुटुंबांनी मतं दिली आणि राबिघ गट निवडून आला. पहिल्याच बैठकीत वाघमाऱ्यांनी पंच म्हणून माझं नाव मांडलं. जेद्दावाले मला उभं जाळतील असं मला वाटत होतं, पण त्यांचेही हात वर गेले. अकराच्या अकरा. मी दोन दिवस तरंगत होतो. तिसऱ्या दिवशी मंजिरी भाजी निवडता निवडता म्हणाली, "भाऊजींनी एकेकाला फोन केला होता तुमच्यासाठी. म्हणे, नियम यांच्याइतके कुणाला येत नाहीत." माझा तिळपापड झाला. खुर्ची मिळाली तीही याने दिलेली!

पुढे वर्षभर माझ्याकडे एकही तंटा आला नाही. लोक सवयीने दिघ्यांकडेच जायचे. दिघे म्हणायचे, "पंच ते आहेत, त्यांच्याकडे जावा," की लोक म्हणायचे, "राहू द्या मग, एवढं काही नाही."

आणि मग एका शनिवारी खुद्द दिघेच आले. सोबत त्यांची बायको, वैदेहीवहिनी. आई गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीने दिघ्यांना वाढवलं ती चिपळूणला घरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. एकटीच राहायची. दिघ्यांना लगेच नोकरी सोडून सगळ्यांनी कायमचं परतायचं होतं. इरा अकरावी संपवून बारावीत गेली होती. वहिनींचं म्हणणं, एक वर्ष थांबा, पोरीची बारावी होऊ दे. नोकरी सुटली की दिघ्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपणार आणि त्यावरचा मायलेकींचाही, त्यामुळे त्यांना मागे ठेवून जाता येत नव्हतं.

"आमचं आम्हाला मिटत नाय," दिघे म्हणाले. "तुम्ही सांगाल ते करू."

मी दोघांचं तासभर ऐकलं. खरं तर दहाव्या मिनिटालाच मला वाट दिसली होती. रजा भरपूर साठलेली होती. दिघ्यांनी एकट्यानेच, परत येण्याचा व्हिसा काढून, तीन महिने जावं, ताईंची सोय लावावी, परत यावं. इकामा शाबूत, पोरीची शाळा शाबूत. बँकेत असले प्रश्न मी रोज सोडवतो. दोघांना ते सुचलं नव्हतं, कारण दोघं घाबरलेले होते.

आणि मला दुसरंही दिसत होतं. अल अझीझिया, मागची गल्ली, त्यात दिघे नाहीत.

"तुम्ही जा," मी म्हणालो. "सगळेच. बारावी काय, तिकडेही होते."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "दुसरा काही मार्ग नाही का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"झालं तर मग," दिघे म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. महिन्याभरात गेले. विमानतळावर पोचवायला तीस-चाळीस माणसं आली होती. त्या सगळ्यांदेखत दिघे म्हणाले, "काय असलं तर यांच्याकडे जावा. माझा गुंता एका तासात सोडवला यांनी."

तेव्हापासून लोक माझ्याकडे येतात. शुक्रवारची दुपार मोकळी मिळत नाही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

दिवाळीला दिघ्यांचा फोन येतो. ताई आता काठी घेऊन चालतात. इराला तिथल्या कॉलेजात मधेच घेतलं नाही, वर्ष वाया गेलं, हे ते मी विचारल्यावर सांगतात, तक्रार म्हणून नाही. मी "अरेरे" म्हणतो. मग ते मंडळात कुणाचं कुणाशी बिनसलंय ते विचारतात आणि मोठ्याने हसतात. ते हसले, की खोटं कशाला बोलू, अजूनही माझ्या पोटात दुखतं. वहिनींना द्या म्हटलं, तर पलीकडून "कामात आहे म्हणावं" असा वहिनींचा आवाज येतो, आणि मग दिघेच परत बोलायला लागतात.