विरोधी पक्षाचा होकार

फ्रेमवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी जगाचा कारभार चाले. भिंतीला टेकवलेल्या काचा, कोपऱ्यात लाकडी पट्ट्यांचा भारा, बसायच्या आधी खुर्चीवरचा भुसा झटकायचा, असा सगळा थाट. बोलणं मात्र मोठं. नद्या कोणी नासवल्या, चित्रानं लोकांना शहाणं करावं की नुसतं देखणं असावं, मत द्यावं तर कोणाला, यावर तावातावानं भांडणं होत आणि चहा गार होऊन जाई.

मंडळी ठरलेली. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे झाडवाले सर म्हणत. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावून स्वतः बोलायची भूक लागलेली असे. आणि विरोधी पक्ष. हा फ्रेमवाल्याचा शाळेपासूनचा मित्र. बस आगारात वेळापत्रकं लावण्यात त्याचा जन्म गेला. कोणी काहीही म्हणो, हा 'छे, साफ चूक' अशी सुरुवात करणार. सर झाडांची बाजू घेऊ लागले की हा रस्त्याची घेई, आणि सर चुकून रस्त्याच्या बाजूनं बोललेच, तर हा झाडाला मिठी मारून उभा.

फ्रेमवाल्याला तरुणपणी चित्रकार व्हायचं होतं. हात बरा होता, पण नुसत्या बऱ्यानं भागत नाही हे त्याला लवकर कळलं आणि दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी करण्यात त्यानं आयुष्य काढलं. त्याचं स्वतःचं एकच चित्र त्या खोलीत टांगलेलं होतं, संध्याकाळचा नदीकाठ. सर आणि बाई त्याचं तोंड भरून कौतुक करत. विरोधी पक्ष दर शनिवारी नाक मुरडी.

"नदी आहे, पण पाणी ओलं नाही रे. डांबरी रस्ता वाटतो. माझी बस आरामात जाईल यावरून."

सगळे हसत आणि फ्रेमवाला उखडे. पण आतून त्याला ठाऊक होतं की चित्राकडे नीट बघणारा हा एकटाच आहे. म्हणून तर त्याच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायला तो आसुसला होता.

बैठकीला नियम एकच आणि तो फ्रेमवाल्यानं केलेला. घरगुती विषय बंद. मध्यंतरी बैठक गुडघेदुखी, पथ्यपाणी आणि सुनांच्या तऱ्हा यांत पार बुडत चालली होती. तेव्हा त्यानं बंद पडलेल्या एका लॉजच्या काउंटरवरची पितळी घंटा मिळवून टेबलावर ठेवली. कोणी 'आमच्या घरी' म्हटलं की टिंग! मग बोलणाऱ्यानं हसून गप्प बसायचं. घंटा वाजवायचा मान फ्रेमवाल्याचा, आणि वाजवताना तो अगदी न्यायाधीशासारखा ताठ बसे. माणसाला अधिकार चढायला पितळेची एवढीशी घंटाही पुरते.

एका शनिवारी विषय निघाला रस्तारुंदीचा. कडेची जुनी झाडं जाणार होती. झाडवाले सर चांगलेच तापले. फ्रेमवाल्यानं त्यांची री ओढली आणि आता ठिणगी पडणार म्हणून मित्राकडे पाहिलं. विरोधी पक्ष कपाकडे बघत बसला होता.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी टाळ्या पिटल्या. "चला, सरकार स्थिर झालं!" सर म्हणाले. फ्रेमवाल्यानं तर टेबलावर थाप मारली. "शेवटी नाक घासलंस की नाही!"

विरोधी पक्षही हसला, जरा उशिरा. मग खुर्ची फ्रेमवाल्याजवळ ओढून हळूच म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं. परवा मला आमचं घर..."

टिंग!

"घर आलं, घर आलं!" फ्रेमवाला ओरडला, आणि हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विरोधी पक्षानं घंटेकडे पाहिलं, मग मित्राकडे. "हो, नियम म्हणजे नियम," म्हणाला आणि चहा संपवून उठला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"हरला म्हणून तोंड लपवतोय," फ्रेमवाल्यानं घरी जाहीर केलं. "येईल झक मारत."

"अहो, एक फोन केलात तर हात झिजेल का?" बायको म्हणाली.

"त्याचा झिजतो का?"

असे महिने गेले. बैठकीत आता सगळ्यांना सगळं पटू लागलं. चहा गरम असतानाच संपू लागला. शेवटी फ्रेमवाल्याला राहवेना. एका सकाळी त्यानं आपला नदीकाठ भिंतीवरून उतरवला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बगलेत मारून मित्राचं घर गाठलं. याला नावं ठेवायला तरी तो तोंड उघडेल, असा हिशेब.

दार वहिनींनी उघडलं. आतून नवी कडी बसवली होती, खूप उंचावर.

"भावजी, कळलं म्हणून आलात ना?"

"काय कळलं?"

वहिनींनी त्याला दारातच थांबवून हळू आवाजात सांगितलं. "साऱ्या शहराच्या बसचे रस्ते तोंडपाठ होते हो यांना. आणि आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभं राहून लोकांना घर विचारत होते. बोलताना मागचापुढचा धागाही सुटायचा. मला म्हणाले, त्याला एकट्याला सांगतो, तो चारचौघांत मला सांभाळून घेईल. परत आल्यावर मी विचारलं, सांगितलंत का? तर म्हणाले, घंटा वाजली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर फ्रेमवाल्याला सोसला असता. त्याला वाटलं, ज्या हातानं ती घंटा दाबली तो इथल्या इथे गळून पडावा.

विरोधी पक्ष खिडकीशी बसला होता. दाढी स्वच्छ केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. "या, बसा," तो अदबीनं म्हणाला. आजवर तो फ्रेमवाल्याला 'बसा' म्हणाला नव्हता.

"अरे, मी आहे." फ्रेमवाला त्याच्यासमोर खाली जमिनीवरच बसला. "त्या दिवशी तू घराचं काही सांगत होतास. आता सांग. सगळं सांग, मी ऐकतो."

विरोधी पक्षानं खूप वेळ आठवून पाहिलं. "घरी सगळं ठीक आहे," तो म्हणाला.

फ्रेमवाल्यानं कागद फाडून चित्र बाहेर काढलं आणि त्याच्या मांडीवर उभं धरलं. विरोधी पक्षानं ते सावकाश पाहिलं.

"छान आहे," तो म्हणाला.

"छान काय छान! पाणी बघ ना. ओलं तरी आहे का? तुझी बस जाईल यावरून."

"नाही हो. फार सुंदर आहे."

फ्रेमवाल्यानं चित्र त्याच्या आणखी जवळ नेलं. "नीट बघ रे. डांबर आहे ते, डांबर. एकदा म्हण ना, साफ चूक."

समोरच्या पाहुण्याला काहीतरी वाईट वाटतंय एवढं विरोधी पक्षाला कळलं. त्यानं पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.