आईसाठी बदललेला व्हॉल्व्ह

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगताना मी गंभीर राहणार आहे. विषय आईच्या बायपासचा आहे.

घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलातून आईला डोंबिवलीला घरी आणायचं होतं. दसरा नुकताच झालेला, ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते तुम्हाला काय सांगायचं? डॉक्टरांनी बजावलेलं, "टाक्यांना घाम लागू देऊ नका." आणि आमच्या गाडीच्या एसीतून वारा यायचा तो एखाद्याने लांबून फुंकर घालावी तसा.

मग मी व्हिडिओ बघायला बसलो. एसीचा गॅस पुढे किती सोडायचा ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह ठरवतो, काही गाड्यांत त्याऐवजी ऑरिफिस ट्यूब असते, एवढं कळलं. रविवारची अख्खी दुपार बॉनेटमध्ये डोकं घालून मी ती ट्यूब शोधली. आमच्या गाडीत ती नव्हतीच. होता तो व्हॉल्व्ह, डॅशबोर्डच्या आत. ग्लोव्ह बॉक्स काढून त्याला गाठलं.

बायको, सायली, शेजारी उभी. तिने आत हात घालून पाहिला. "अरे, पाइप तर गारेगार आहे. फक्त वारा येत नाहीये. आणि हा देवघरासारखा वास कसला?"

"गॅसचा. व्हॉल्व्ह लीक आहे."

"झेंडूच्या वासाचा गॅस?"

"तुला त्यातलं काय कळतंय," मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माणूस शिकत नाही बघा.

गॅरेजवाला म्हणाला, "एकदा चेक करू का?" मी म्हटलं, चेक झालंय, बदला. त्याने बदलला. ग्लोव्ह बॉक्स मात्र मी घरी येऊन स्वतः बसवला. आईसाठी आपल्या हाताने काहीतरी करावं, असं फार वाटत होतं हो.

डिस्चार्जच्या दिवशी आई पुढे बसली, छातीशी उशी धरून. मागे सायली. शीळफाट्याला गाडी अडकली ती अडकलीच. आईच्या कपाळावर घाम आला. मी ब्लोअर फुल केला. गाडी जरा पुढे सरकली, एक खड्डा लागला, ग्लोव्ह बॉक्स उघडून खाली लोंबला आणि त्याच्या मागचं, एसीची हवा गाळणाऱ्या फिल्टरचं झाकण निसटलं.

आता दसऱ्याला काय झालेलं, ते ऐका. आई आजारी म्हणून मी यंदा गाडीच्या पूजेला दुप्पट झेंडू आणलेला. हात जोडून, डोळे मिटून, मूठमूठ पाकळ्या वाहिलेल्या. नेमक्या काचेखालच्या जाळीवर, जिथून एसी हवा घेतो.

त्या सगळ्या, आत फिल्टरपाशी अडकून वाळलेल्या, बारीक झालेल्या, एका झोतात बाहेर आल्या. आईच्या केसांत, उशीवर, मांडीवर. पाठोपाठ थंडगार वारा.

आईने पापणीवरची पाकळी हळूच काढली. "अरे, मी बरी होऊन घरी चाललेय ना? मग फुलं उधळायची एवढी घाई कसली झालीय तुला?"