विनयाच्या नावाची सवाष्ण

आधीच सांगते – या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलेय. आमच्या फणसवाडीतल्या चाळीत मागच्या जिन्यावर कोण बाई दिसते वगैरे गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्यानं हसणारी मीच. त्यामुळे मला खोटं पाडायचं असेल तर खुशाल पाडा. मी स्वतःही खूप प्रयत्न केलाय.

तर – मी यांची दुसरी बायको. पहिली विनया. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच मेंदूज्वरानं गेली. मी तिला कधी पाहिलं नाही, पण घरात तिच्याशिवाय पान हलत नाही. सासूबाई आजही माझी आमटी चाखून म्हणतात, "छान झालीय हो... विनया गूळ जरा जास्त घालायची." यावर बोलणार काय? गेलेल्या बाईची कंबर सुटत नाही, ती चिडत नाही, उलट उत्तर देत नाही. माझं सगळं होतं.

त्यात अविधवा नवमी. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते – नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. आमच्याकडे नवरा जिवंत असेपर्यंतच ही नवमी करतात. तो गेला की बंद. म्हणजे दरवर्षी सवतीच्या आवडीचा स्वयंपाक मी करायचा – वडे, अळूवडी, खीर. खिरीत जायफळच, कारण विनयाला म्हणे वेलचीचा वासही सहन व्हायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत यांच्या मानेत गाठ लागली. परळच्या एका हॉस्पिटलात बायोप्सी झाली आणि सुरू झालं वाट बघणं... ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच कळेल. कुकर लावायचा आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरायचं. सासूबाई म्हणायला लागल्या, "पक्षपंधरवडा आहे, रिपोर्ट आत्ता आणूच नका." हे तर कुणाशी बोलेनातच.

ठरल्या दिवशी गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "डॉक्टरांनी अजून एक टेस्ट लावलीय, सोमवारी या." यांना खुर्चीवर बसवून मी चहा आणायला गेले. परत येते तर हे चक्क हसत होते. शेजारची खुर्ची रिकामी.

"काय झालं हो?"

"काही नाही. विनू बसली होती आत्ता इथं. घाबरू नकोस म्हणाली."

विनू. इतक्या वर्षांत माझ्यासमोर हे नाव त्यांनी असं घेतलं नव्हतं. खरं सांगू? भीती नाही वाटली. तळपायाची आग मस्तकात गेली. रजा माझी, फाइल माझ्या हातात, रांगेत मी उभी – आणि धीर कुणी दिला, तर हिनं. टेन्शनमध्ये माणसाला भास होतात हे मलाही कळतं हो, पण भासातसुद्धा तीच? आणि मागोमाग दुसरा विचार आला – ही यांना न्यायला तर आली नाही ना? मी चहा त्यांच्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसले.

सोमवारच्या आधीच नवमी आली. दरवर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या साठेकाकू सवाष्ण म्हणून येतात. त्यांना ताप होता, म्हणून त्यांनी सून पाठवली – केतकी. नवं लग्न, माहेर नाशिकचं, दिवसभर बीकेसीतल्या ऑफिसात. आमच्या घरात तिचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. विनयाचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं.

त्या दिवशी खिरीत मी मुद्दाम वेलची घातली. भरपूर. कुणाला बोलले नाही. माझ्या नवऱ्याशेजारी येऊन बसतेस ना, मग खा आता.

हे गॅलरीत पेपर घेऊन बसलेले, सासूबाई आत पडलेल्या. केतकी छान जेवत होती, "काकू, अळूवडीची रेसिपी द्या हं मला," वगैरे चाललेलं. मग तिनं खिरीची वाटी उचलली, नाकाशी नेली आणि ताटापलीकडे सरकवली. मी विचारलं, "आवडत नाही का गं?" ती तशीच उठली, हात धुऊन आली, परत पाटावर बसली. मी कुंकू लावायला वाकले, तर तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

"वेलची मुद्दाम घातलीस ना?"

आवाज केतकीचाच. पण ही मुलगी मला जिन्यात भेटली तरी तुम्ही-काकू करते.

"घाल. मी पुढच्या वर्षीही जेवायला येणार आहे. त्याच्या पुढच्याही. खूप वर्षं वाढायचंय तुला मला." मग हळू आवाजात – "तुझ्या डोळ्यांसमोर म्हातारा होईल तो. मला नाही मिळालं ते. जळते मी तुझ्यावर."

हात सुटला. केतकी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मी ड्रेसवर आलेय, ओटी ओढणीत घेतली तर चालेल?" मग तिची नजर वाटीकडे गेली. "अय्या, खीर राहिलीच की." आणि ती वाटी चाटूनपुसून संपवली तिनं.

सोमवारी रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरचीच होती. पण थायरॉईडची, आणि लवकर सापडलेली. "यातून माणूस बरा होतो," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. आज हे ऑफिसला जातात, रोजची गोळी घेतात, तपासणी जवळ आली की माझ्या कुकरच्या शिट्ट्या परत चुकतात. मधल्या काळात आणखी एक नवमी झाली.

केतकीला मी आडून आडून विचारलं. तिला काही आठवत नाही, आणि वेलची तिला आवडते. मुद्दाम घातली हे तर माझ्याखेरीज कुणाला ठाऊकच नव्हतं. काय होतं ते, मला आजही सांगता येत नाही.

ऑपरेशननंतर यांना हे सांगितलं. ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय – "दिसत कशी होती?"

"केतकीसारखी," मी म्हटलं.

"अजून काय म्हणाली?" दोनदा विचारलं. वेलचीचं सांगितलं, पुढच्या वर्षी येण्याचं सांगितलं. शेवटचं मात्र नाही सांगितलं. हे या ग्रुपवर नाहीत, म्हणून इथं लिहितेय. ते ऐकलं तर हे तिच्यासाठी रडतील... आणि ते मला बघवणार नाही.