प्लास्टरचं बोट

"तोंड मिटवायच्या आधी कवळी काढून घ्या, मेहनत आहे माझी ती," असं तो एकदा एका मयताच्या घरी म्हणून गेला. मेलेल्याच्या बायकोला हसू आवरेना. ती रडतेय असं समजून चार बायका तिच्या गळ्यात पडल्या. त्या दिवसापासून गल्ली त्याला बत्तीशी म्हणू लागली.

बत्तीशीचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि तो घराच्या मागच्या खोलीत बसून दात लावायचा. भिंतभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. हयातीत एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन सख्खे भाऊ तिथे शेजारी शेजारी बोळकी पसरून बसलेले असत. मरणाचा त्याला फारसा आदर नव्हता. त्याच्या लेखी मरण म्हणजे कुणी न्यायला न आलेली ऑर्डर.

असा हा माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी प्रेमात पडला. बारीक काम दिसेनासं झालं म्हणून चष्मा करायला गेला, तर चष्म्याच्या दुकानातल्या बाईनं त्याच्या नाकावर फ्रेम ठेवली, दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "तुमचा एक कान वर आहे." जगाच्या तोंडात डोकावण्यात याची उमर गेली होती, याच्या तोंडाकडे इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर स्क्रू सैल झाला म्हणून तो वरचेवर तिच्याकडे जात राहिला. स्क्रू घरी तोच सैल करायचा.

शेवटी तिला मागणी घालायचं त्यानं ठरवलं. मागणी घालायची तर हातात अंगठी हवी, हे त्याच्या ताईचं म्हणणं. पण बोटाचं माप मिळवायचं कसं? दुसऱ्या कुणी दोरा गुंडाळला असता. यानं गुलाबी लगद्याची वाटी घेऊन थेट दुकान गाठलं.

"मापाचा नवा मसाला आलाय. कसा उतरतो बघायचंय. एक बोट द्या, कुठलंही."

तिनं तर्जनी पुढे केली.

"ते नको."

तिनं मधलं बोट केलं.

"ते जरा उंच आहे."

तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि करंगळीशेजारचं बोट वाटीत खुपसलं. लगदा घट्ट होईपर्यंत दोघं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसली. तिला तर तो पाठच होता.

आज सराफाकडे जायचा दिवस. त्याआधी तालीम घ्यायला ताई सकाळीच माहेरी येऊन बसली होती, कारण बत्तीशीला खरेदी जमत नसे. दुकानदाराची कीव येऊन तोच भाव वाढवून द्यायचा. ताई मागच्या खोलीतल्या टेबलापलीकडे सराफ होऊन बसली आणि स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिनं समोर ठेवली.

"या साहेब. ही बघा."

"फारच सुंदर आहे."

"झालं! बुडालास!" ताईनं टेबलावर हात आपटला. "आवडली तरी तोंड वाकडं करायचं असतं."

त्यानं तोंड वाकडं केलं.

"असं नाही रे. दाढ दुखत असल्यासारखं दिसतंय."

"मला तेवढंच येतं."

आई खिडकीशी वाटाणे सोलत होती. "ह्याच्या बापानं माझ्यासाठी पितळेची आणली होती," ती म्हणाली. "चेहरा मात्र सोनं आणल्यासारखा."

"बरं, बोट काढ," ताई म्हणाली.

त्या साच्यात ओतून केलेलं, कापसात गुंडाळलेलं प्लास्टरचं पांढरं बोट त्यानं काढलं. पेरांवरच्या रेघा, नखाची कड, सगळं जसंच्या तसं उतरलं होतं.

"अगंबाई, कापून आणलंस की काय!" आई म्हणाली.

ताईनं आपली अंगठी त्यावर चढवली. ती पेरावर जरा अडखळली, मग खाली सरकली आणि बुडाशी जाऊन अशी बसली, जणू जन्मापासून तिथलीच. ताईनं ती काढली आणि बोट उजेडात धरलं. बुडाशी चहूबाजूंनी खाच होती.

तालीम तिथंच आटपली.

"हे बोट वापरलेलं आहे," ताई म्हणाली.

"बोट वापरायलाच असतं," आई म्हणाली.

"आई, तू गप गं. इथं वर्षानुवर्षं अंगठी होती. तुला माहीत होतं हे?"

"साच्यातून काढलं तेव्हा दिसलं," बत्तीशी म्हणाला.

"आणि तिनं कधी सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही."

"म्हणजे नवरा होता. मेला की सोडला?"

"खाचेवरून ते कळत नाही, ताई."

गेले काही दिवस तो त्या खाचेतून नख फिरवत होता. एक माणूस इतकी वर्षं एका कड्याच्या रुंदीत राहून गेला होता, आणि याच्याकडे त्याचं ना नाव होतं, ना जबडा. तिला तो अजून हवा असला तर? विचारायला जावं आणि ती रडली तर? अशा वेळी काय करतात, ते त्याला ठाऊक नव्हतं. रडणाऱ्या बायकांचा त्याचा अनुभव गल्लीला माहीत होता.

"आधी तिला विचार," ताई म्हणाली. "सगळं नीट कळू दे, मग अंगठी."

"कळल्यावर काय करू?"

"ठरव ना मग! नाहीतर फसशील मेल्या." तिनं बोट त्याच्यापुढे सरकवलं. "आणि नेणारच असशील तर हे असं नेऊ नकोस. तो सराफ भिंग लावून बघतो आणि भोंगा लावून सांगतो. थोडं मेण भर त्यात. तुझं रोजचंच काम आहे."

त्यानं स्पिरिटचा दिवा पेटवला. चाकूच्या टोकावर मेण वितळवून खाचेत सोडलं, निवल्यावर खरवडलं, कापसानं पुसलं. हात सवयीनं चालले.

"बघ!" ताई खूश झाली. "कोरं करकरीत."

बत्तीशीनं बोट फिरवून पाहिलं. सराफाच्या काचेमागे मखमलीवर उभं करतात तसलं ते बोट झालं होतं. कुणाचंही.

"तुझे पुढचे दोन दात खोटे आहेत," वाटाण्यांवरची नजर न काढता आई म्हणाली, "ते सांगितलंस का रे तिला?"

"दात आणि नवरा एकच का गं, आई?" ताई उसळली.

"हलायला लागले की दोन्हींपायी जेवण नकोसं होतं."

बत्तीशीनं अंगठ्याचं नख मेणात रोवलं आणि मेण उकरायला लागला. पातळ साल निघावी तसं ते वेटोळं होऊन टेबलावर पडलं. आत चिकटून राहिलेलं त्यानं चाकूच्या टोकानं काढलं, फुंकर मारली, आणि खाच पुन्हा स्वच्छ दिसू लागली.

"अरे, आत्ताच तर भरलंस!" ताई खुर्चीवरून उठली. "सराफानं विचारलं तर काय सांगशील?"

त्यानं बोट कापसात गुंडाळून कवळीच्या डबीत ठेवलं. कपाटातून अंगठीच्या पैशांचं पाकीट काढून खिशात टाकलं, दिव्यावर झाकण ठेवलं, चपला घातल्या.

"अरे मी काय विचारतेय? तिच्याशी बोलणार आहेस की नाही आधी?"

आईनं वाटाण्यांचं ताट उचलून वाट करून दिली, आणि तो सराफाच्या दुकानाकडे चालू लागला.