पलीकडून उत्तर आलं का?

एक मूर्खपणा आधीच सांगून टाकते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या फोनवरून मी पिंपरीतल्या एका कंपनीत फोन लावला. तिथे टेलिफोन बोर्डावर माझी थोरली जाऊ, अक्का, बसायची. सासूबाई उठता-बसता तिच्या गोड आवाजाचं कौतुक करायच्या, तिची फजिती करावी म्हणून मी नाक दाबून म्हटलं, "मुंबईहून मिसेस मेहता बोलतेय, मोठ्या साहेबांना द्या." पलीकडून तोच मधाळ आवाज... "जोडते हं मॅडम. शालू, कुकर उतरवलास का?" नाक दाबलं की माणूस बदलतो, असं वाटणारी ती बावीस वर्षांची गाढवी म्हणजे मी.

गेल्या महिन्यात अक्का गेली. रावेतला एकाच इमारतीत ती वर, मी खाली. बातमी जिन्यानेच आली. रडता रडता मनात आलं, आता सगळे हिच्याबद्दल चांगलंच बोलणार... आणि बोललेच. सगळ्यात जास्त बोलली माझी नात ऋचा. माझी, सख्खी!

ऋचा मारुंजीला राहते, मोबाइलची अॅप बनवते. मुलगा चाकणला शिफ्टमध्ये, मी दिवसभर एकटी, म्हणून तिने माझ्यासाठी एक अॅप केलं. दुपारची बीपीची गोळी घेतली की हिरवं बटण दाबायचं. 'पोचलं' असं येतं आणि निरोप तिच्याकडे जातो. मी ऐटीत दाबायचे. एका दुपारी अक्का गुडघे धरत जिना उतरून आली. "शालू, गोळी घेतलीस?"

"घेतली की! पोचलं म्हणतंय, बघ."

तिने फोन बघितला आणि गुडघे धरत पुन्हा जिना चढली. रविवारी ऋचा आली तशी ही पुन्हा खाली, थेट माझ्या टीव्हीमागे. वायफायच्या डबीत बाहेरून येणारी वायर तिने उपटली. डबी चालू, फोनवर वायफायची खूण तशीच. मला म्हणाली, "दाब आता." मी दाबलं. पोचलं! ऋचाने कपाळाला हात लावला. फोन डबीला जोडलेला आहे, एवढंच अॅप बघत होतं; डबीच्या पुढे रस्ता आहे का, हे विचारतच नव्हतं.

"अगं, तार जोडली म्हणून फोन लागत नाही," अक्का म्हणाली, "पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणायला हवं."

ऋचाने तिला मिठी मारली. माझ्या घरात, माझ्याच टीव्हीपुढे! मी चहा टाकायला उठले आणि अक्काच्या कपात मुद्दाम साखर घातली नाही. तिने तो कौतुकाने प्यायला.

आता ते अॅप आधी बाहेर साद घालतं, उत्तर आलं तरच 'पोचलं' म्हणतं. नाहीतर निरोप जपून ठेवतं आणि रस्ता सुरू झाला की धाडतं. तेराव्याला ऋचा सगळ्यांना सांगत होती, प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याला तिने 'अक्का' नाव दिलंय. मेल्यावरसुद्धा ही पुढेच! पंगत उठल्यावर मी तिला कोपऱ्यात गाठलंच. "गोळ्या मी गिळायच्या, बटणं मी दाबायची आणि नाव तिचं?"

ऋचा म्हणाली, "आजी, तुझा निरोप अक्काआजीलाही जायचा, तिनंच मागून घेतला होता. त्या दुपारी तो आला नाही म्हणून ती खाली आली. तुझी गोळी झाल्याचं कळेपर्यंत ती जेवायला बसायची नाही गं."